टाकी भरली की नीलम्माला आणायचं

१८ जुलै १९८२, रविवार

ही डायरी जानेवारीत आणली होती, आज उघडली. उशीर झाला असं नाही. लिहायला मनाची तयारी लागते.

नीलम्मा आज माहेरी देगलूरला गेली. लेक गौरीही गेली. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत. पण सासरे रेवणप्पा न्यायला आले आणि म्हणाले, घरात प्यायला पाणी न्हाई, बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार? एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत. त्यांच्या विहिरीला पाणी आहे म्हणून ही हिंमत.

नीलम्मा म्हणाली, परसातली टाकी भरून ठेवा, मी बाळंतपणाच्या आधी येते. मला माझ्याच घरी व्हायचं हाय. मी म्हणालो, आठ दिवसांत भरतो.

बस सुटताना गौरी खिडकीत बसून रडत होती. मला काही वाटलं नाही. बाकीचे लोक स्टँडवर डोळे पुसतात. माझं मन स्थिर झालं आहे. मोठमोठ्या लोकांना यासाठी हिमालयात जावं लागतं. मला उदगीरच्या कापड दुकानात, गिऱ्हाइकाची वाट बघता बघता जमलं.

२० जुलै

टँकर आला तेव्हा दाढी करत होतो. कोरडी. बाहेर येईपर्यंत टँकर गेला. शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, मन्मथप्पा, टँकर काय घरात येऊन हाक मारणार हाय का? बाई फटकळ आहेत. तरी दोन घागरी माझ्या दारात ठेवून गेल्या.

उद्यापासून पहाटे उठणार.

२१ जुलै

उठलो नाही. टँकरही आला नाही, म्हणजे उठलो असतो तरी फुकटच.

२४ जुलै

पेपरात आलं आहे. उस्मानाबादेतून तोडून लातूर जिल्हा होणार, पुढच्या महिन्यात. उदगीर लातुरात.

दिवसभर याचाच विचार. देगलूर पडलं नांदेड जिल्ह्यात. बाळ तिथं झालं तर बाप लातूरचा आणि लेकरू नांदेडचं. दाखल्यावर जन्मभर कटकट. त्यापेक्षा नव्या जिल्ह्यात, आपल्या घरात झालं तर केवढा मान. पेपरवाले फोटोसुद्धा काढतील. शेरवानी इस्त्रीला टाकली.

टाकी अजून कोरडी आहे. पण आता कामाला दिशा मिळाली.

२९ जुलै

पहाटे उठलो! रांगेत उभा राहिलो. ड्रम भरला, घागरी भरल्या. कालचं, परवाचं धरून टाकी गुडघ्याइतकी आली. देगलूर गाडीच्या कंडक्टरबरोबर नीलम्माला निरोप धाडला: पाण्याचं काम झाल्यात जमा.

एवढं झाल्यावर मनात आलं, बाळंतिणीला नुसतं पाणी देऊन भागतं का? दूध लागतं. तेही विकतचं नको. उद्या देवणीला जातो.

३० जुलै

गाय घेतली. अस्सल देवणी. पांढऱ्यावर काळे ठिपके, रुंद कपाळ, लोंबते कान. संगप्पा नावाच्या शेतकऱ्याकडची. तो म्हणाला, मालक, चाऱ्यापाण्याची सोय हाय का? मी म्हणालो, माझ्याकडं टाकी आहे. त्यानं ताबडतोब दावं माझ्या हातात दिलं. आनंदानं दिलं. पार गावाबाहेरपर्यंत सोडायला आला, आणि वळून पळत परत गेला.

२ ऑगस्ट

गाय पाणी पिते. म्हणजे पितेच. आज दावं तोडून टाकीत तोंड घातलं, ते बराच वेळ काढलं नाही.

धुरपताबाई भिंतीवरून म्हणाल्या, बायकोसाठी पाणी साठवलं अन् गाईला पाजायलेत! मी त्यांना समजावलं की पाणी वाया जात नाही. गाईच्या पोटात जाऊन त्याचं दूध होतं. त्यांनी विचारलं, मग दूध देती का? मी सांगितलं, देणार आहे, गाभण आहे. कधी विणार? हे मी संगप्पाला विचारलं नव्हतं. धुरपताबाईंनी अलीकडं येऊन गाईच्या पोटाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, दिवाळीला.

दिवाळीत दुधाला भाव असतो.

६ ऑगस्ट

नीलम्माचा निरोप: टाकी भरली का?

कंडक्टरला सांगितलं, सांगा, भरतच आली आहे. कंडक्टरानं परसात डोकावून बघितलं. लोकांना दुसऱ्याच्या परसात बघायची वाईट सवय असते.

९ ऑगस्ट

नीलम्माचा निरोप: दिवस भरत आलेत. या दोन दिवसांत न्यायला आलात तर येते. मागून बसचे धक्के झेपायचे न्हाईत. गौरी लई आठवण काढती.

टाकीत पाणी नाही. तळाशी शेवाळ आहे. रिकामी आहे तोवर घासून घ्यावी, म्हणून सकाळ घासण्यात घालवली. एकदम चकाचक झाली. नंतर टाकीत उतरून तसाच बसून राहिलो. आत गार होतं. तिथं किती वेळ गेला कळलं नाही. काही वाटत नव्हतं. नीलम्माला बोलवावं असंही नाही, बोलवू नये असंही नाही.

दुपारी दुकान उघडलं. एक माणूस आला, कापडाला हात लावून गेला.

१२ ऑगस्ट

मुळाशी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, अडचण पाण्याची नाही, गाईची आहे. गाईला टेंपोत घालून देगलूरला धाडली. सासऱ्यांच्या विहिरीला पाणी आहे, पिऊ दे. आता टाकी भरू लागेल.

संध्याकाळी रेवणप्पांचा निरोप: गाय पोचली. तुमी कवा?

१६ ऑगस्ट, सोमवार

आज जिल्हा झाला.

सकाळी स्टँडवर दोन गाड्या लागल्या होत्या, एक देगलूरची, एक लातूरची. देगलूरला जायचंच होतं. पण बाळाच्या वतीनं नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाला कुणीतरी हजर पाहिजे, म्हणून लातूरला गेलो. शेरवानी घातली होती. गर्दी फार. मला मंडपाचा बांबू दिसला. भाषणात पाण्याचं आश्वासन मिळालं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

परत आलो तर स्टँडवर देगलूर गाडीचा कंडक्टर. गाडी सुटत होती. पायरीवरूनच ओरडला, मन्मथप्पा, सकाळी झाली तुमची बायको मोकळी! बाळ-बाळंतीण बरी हायत!

बरी आहेत. झालं तर मग. नव्या जिल्ह्याच्याच दिवशी झालं, फक्त जिल्हा दुसरा. घरी येऊन शेरवानी घडी करून ठेवली. भात लावला, तो करपला, तो खाल्ला.

१८ ऑगस्ट

देगलूरला जाऊन आलो. डिंक आणि खारका नेल्या.

बाळ रेवणप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं होतं. झोपलं होतं. कपाळ लाल, कान चुरगळलेले. सासूबाई म्हणाल्या, घ्या की जरा. गौरी म्हणाली, माझं बाळ हाय, बाबाला देऊ नका. मी म्हणालो, राहू दे, झोपमोड होईल. मला काही वाटलं नाही. आता काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ थांबून बघितलं.

नीलम्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. हात फार बारीक झालेत. मी तिला सगळं समजावून सांगितलं: गाय गेल्यामुळं टाकीचा प्रश्न सुटल्यात जमा आहे, जिल्हा झाल्यामुळं नळाची योजना येणार, शेवाळ काढलं आहे. ती ऐकत होती. मग म्हणाली, येवढंच सांगायला आलात का? मी आठवून बघितलं. हो म्हणालो. तिनं पांघरूण डोक्यावर घेतलं.

रेवणप्पा म्हणाले, संध्याकाळी स्वामी यायलेत, बाळाच्या गळ्यात लिंग बांधायचं हाय, बाप जवळ पाहिजे. थांबणार होतो. पण उद्या टँकरचा दिवस, शेवटची गाडी चुकली असती तर टाकी राहिली असती. रेवणप्पांना हे पटलं असावं. माझी पिशवी आणून हातात दिली.

१९ ऑगस्ट

टाकी भरली. काठोकाठ! रांगेत माझा पहिला नंबर. पाण्यावर ऊन चमकत होतं. महिनाभर लोकांनी नावं ठेवली, पण माणसानं ठरवलं तर काय होत नाही.

धुरपताबाई शेवटची घागर घेऊन आल्या. पाणी ओतलं, हात पुसले आणि साखरेची वाटी पुढं केली. म्हणाल्या, गडबडीत इचारायचंच राहिलं. काय झालं नीलम्माला, पोरगा का पोरगी?

मी तोंड उघडलं. कपाळ आठवलं. कान आठवले. धोतर आठवलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

म्हणालो, बाळ-बाळंतीण बरी आहेत.

त्या बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, आगं माय. वाटी पदराखाली घेऊन घरी गेल्या. एरवी बोलल्या असत्या.

फार लाज वाटली. अजून वाटते आहे. दुपारचं जेवण गेलं नाही. नीलम्मा कालचा पूर्ण वेळ मी हे विचारीन म्हणून वाट बघत पडली होती, हे आता कळलं. ती येणार नाही.

उद्या पहिल्या गाडीनं देगलूरला जातो. गेल्यावर कुणाला विचारावं ते ठरत नाही. रेवणप्पांना विचारता येणार नाही. सासूबाईंना तर नाहीच. गौरीला बाजूला घेऊन विचारावं म्हणतो. ती चार वर्षांची आहे, कुणाला सांगणार नाही.