रालित्साने मान हलवली

प्लोव्दिव्ह, संगीतशाळा

माननीय संचालक लिंडक्विस्ट साहेब,

माझ्या विद्यार्थिनीला, रालित्साला तुम्ही विचारलंत, "वाद्यवृंदाबरोबर ही संथ रचना वाजवशील?" तिने आनंदाने मान डावी-उजवीकडे हलवली. आम्हा बल्गेरियन लोकांत तो होकार. तुम्ही परदेशी, नकार समजलात आणि जलद रचना दिलीत. तेवढ्या वेगाला चेलोच्या तारांवर तिची बोटं अजून तोकडी पडतात. ती अडखळते, रडते.

मी म्हटलं, "साहेबांना सांग ना!"

ती म्हणाली, "सर, शिक्षक तुम्ही की मी?"

तुमच्यासमोर मला बोलता येत नाही, म्हणून हे लिहिलं. आता हे पत्रही तुमच्या हाती देववत नाही. पण आज तालमीला सगळ्या वादकांपुढे संथ रचनेच्याच स्वरलिपीची पानं असतील. ती मी मांडली आहेत. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण आधी तिला ऐका.

आपला घाबरलेला,
स्तोयान, चेलोचा सहायक शिक्षक