एक दात पुढे

सोमवार, ३ मार्च. सकाळ

ठरलं. ठकीच्या मोटरसायकलचे टायमिंग बेल्ट मी बदलणार.

ठकी म्हणजे आमची एकुलती एक. पवनचक्क्या दुरुस्त करायच्या कंपनीत लागली आहे. आज पहाटेच ट्रेनिंगला गेली, शनिवारी येणार, आणि रविवारी मोटरसायकल घेऊन डोंगरापलीकडे नोकरीच्या गावी. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने बेल्ट कधी बदलले देव जाणे. नवे तिने आणून ठेवलेत, शनिवारी स्वतः बसवणार म्हणते. दमूनभागून आलेली पोर इंजिन उघडत बसणार? मग बाप कशाला आहे?

सरप्राइज द्यायचं. हिला सांगितलं. ही काज करत होती, मान वर न करता म्हणाली, तिला विचारलंत का? विचारलं तर सरप्राइज कसलं!

यात भीतीबिती काही नाही. व्हिडिओतला माणूस म्हणाला की चालत्या गाडीत हा बेल्ट तुटला किंवा सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन जागच्या जागी खलास. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला, पण तो अभ्यास म्हणून. जेवण गेलं नाही ते उकाड्याने.

बेल्ट म्हणजे शेवटी बेल्ट. शिलाई मशीनचे बेल्ट हयातभर बदलतोय. ही गाडी जरा मोठं मशीन, एवढंच.

मंगळवार, ४ मार्च. दुपार

दुकान लवकर बंद. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला सुरुवात. कव्हर काढलं.

आत सगळं स्पष्ट आहे. एक सिलिंडर उभा, एक आडवा. प्रत्येकाला आपापला बेल्ट. बेल्टला दात, पुलीला दात. पुलीवरची खूण इंजिनाच्या अंगावरच्या खुणेसमोर आणायची, जुना बेल्ट काढायचा, पुली न हलवता नवा घालायचा. अस्तर लावण्याइतकं सोपं.

कारखान्याच्या खुणा फारच बारीक. म्हणून मी माझ्या निळ्या खडूने ठसठशीत रेघा मारल्या. कोट कापताना मारतो तशा. स्वतःचंच कौतुक वाटलं.

आडवा बेल्ट निघाला. काही झालं नाही.

संध्याकाळ

उभा बेल्ट काढला आणि पुली आपणहून फिरली. टक्! कोणी हात लावला नव्हता. आतून कोणीतरी ढकलल्यासारखी.

पाना पायावर पडला. मी रस्त्यापर्यंत गेलो, ते पाय मोकळे करायला. परत आलो तर ही दारात. चेहरा पांढरा का पडलाय, म्हणाली. म्हटलं, खडू. खडू निळा आहे, म्हणाली.

बुधवार, ५ मार्च

शांतपणे विचार केला. आत स्प्रिंग असणार, तिनेच पुली ढकलली. पुली परत फिरवली की झालं. रेघा आहेतच.

काम स्वच्छ हवं म्हणून आधी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं.

रेघाही पुसल्या गेल्या.

हरकत नाही. कारखान्याच्या खुणा आहेत. चष्मा लावला की एक दिसते, काढला की दोन. दोन्हींच्या मधली जागा धरली. नवे बेल्ट चढवले. कोरडे वाटले म्हणून दातांवरून मशीनच्या तेलाचा हात फिरवला. या गोष्टी पुस्तकात नसतात. ताण अंगठ्याने पाहिला. इलास्टिकचा ताण ज्याच्या अंगठ्याला कळतो त्याला मोजमापाची गरज काय?

कव्हर मात्र लावलं नाही. बेल्टना जरा हवा लागू दे.

बँक मॅनेजरांचा माणूस कोट विचारून गेला. शुक्रवार म्हणालो.

गुरुवार, ६ मार्च. सकाळ

व्हिडिओतला माणूस सांगतो, स्टार्टर मारण्याआधी इंजिन पान्याने हाताने फिरवून बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

फिरवलं. छान फिरलं. मग अडलं.

नवं आहे, घट्ट असणार. किंचित जोर लावला.

आत टिक् झालं. बारीक, सुई हाडावर आपटल्यासारखं.

मी शेडमध्ये खाली बसलो. बराच वेळ. गुडघ्यांना विश्रांती हवी असते या वयात.

दुपार

एका पुलीवर बेल्ट एक दात मागे सरकवला. फिरवलं. अडलं नाही. पुन्हा फिरवलं. अडलं नाही!

म्हणजे जमलं. जमलंच असणार. अडत नाही म्हणजे बरोबर आहे. खुणा तंतोतंत समोर नाहीत, पण पाहणाऱ्याच्या नजरेवर असतं ते. कव्हर लावलं. स्क्रू सगळे लागले, एकही उरला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

स्टार्टर मारून पाहायला हवा. पण शेजाऱ्यांची दुपारची झोप.

संध्याकाळ

शेजारी उठले. मी स्टार्टर मारला नाही.

गाडी चालूच झाली नाही, तर माझी लाज जाईल. ते सोसेन. पण चालू झाली तर? चालू झाली, अंगणात झकास चालली, आणि डोंगरातल्या वळणावर, मागे ट्रक, पुढे ट्रक, आतला एक दात…

हा विचार मी करत नाही आहे. सहज सुचला म्हणून लिहिला.

शुक्रवार, ७ मार्च

ठकीचा फोन. हिने सगळं सांगून टाकलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही. ठकी इतकी खूश झाली की फोनमधून ओरडली. बाबा, खरंच? तुम्ही? दोन्ही? मी म्हटलं, त्यात काय, किरकोळ काम. पुढे म्हणाली, खुणा नीट जुळल्या ना? मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

गिऱ्हाईक नव्हतं.

बेल्टचं रिकामं खोकं फेकायला घेतलं. पाठीमागे बारीक अक्षरात छापलंय: तेल व ग्रीसपासून दूर ठेवा. खोकं परत ठेवलं. मग पुन्हा काढून वाचलं. तेच छापलेलं होतं.

मशीनवर बसलो. मशीनमधून तोच आवाज. टिक् टिक् टिक्. मॅनेजरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. नवशिका होतो तेव्हाही असं केलं नव्हतं. हिने दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. अहो, गाडीचं काय झालंय? काही नाही, म्हणालो. कापडच दगाबाज.

संकल्प: उद्या ठकी आली की पहिल्यांदा खरं सांगायचं. अर्थात काही चुकलेलं नाहीच. पण सांगायचं.

शनिवार, ८ मार्च. दुपार

ठकी सकाळी आली. पिशवी टाकली आणि गळ्यातच पडली. म्हणाली, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा सूट शिवतात आणि इंजिनही उघडतात. आता कसं सांगणार? आधी चहा होऊ दे म्हटलं.

चहा झाला. ती शेडकडे निघाली. मी म्हटलं, ऊन उतरू दे. ती म्हणाली, सावलीतच आहे की. मी म्हटलं, बॅटरी. ती म्हणाली, महिन्यापूर्वीच नवी घातलीय. मी म्हटलं, नवा बेल्ट एक दिवस मुरू द्यावा, कापड भिजवून आटू देतात तसा. ती हसली. बाबांचं काहीतरीच, म्हणाली, आणि किल्ली लावली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. ही म्हणते, नको नको नको, एवढंच. किल्ली उपसून मुठीत धरली. मूठ उघडेना. ठकीने एकेक बोट सोडवलं, लहानपणी मी तिच्या मुठीतून कात्री सोडवायचो तसं.

मग सांगितलं. खडू, फडकं, तेल, टिक्.

कव्हर उघडून तिने टॉर्च मारला. बेल्ट तेलाने चकाकत होते. उभ्या सिलिंडरची पुली एक दात पुढे. सुरू केली असती तर काय झालं असतं, मी विचारलं. ती म्हणाली, बहुतेक चालली असती, खडखडत. मग टॉर्च विझवून म्हणाली, किंवा नसती.

मग म्हणाली, बाबा, मला फोन का नाही केलात? माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक होतं. त्यातला ‘सरप्राइज’ एवढाच शब्द बाहेर आला.

ती बाजारात जाऊन नवे बेल्ट घेऊन आली. इंजिन पुन्हा उघडलं, व्हॉल्व्ह वाकलेत का ते तपासलं. वाकले नव्हते. बेल्ट तिनेच बसवले. मला बाहेर बसवलं होतं. हिने दार लोटून घेतलं.

संध्याकाळ

इंजिन सुरू झालं. आवाज मऊ, एकसारखा. ठकी म्हणाली, ऐका, कसं गातंय. मी ऐकलं. मला खालून काहीतरी टिकटिक ऐकू आली. ती म्हणाली, बाबा, ते तुमचं घड्याळ आहे.

रविवार, ९ मार्च. सकाळ

मी स्कूटरने शहराच्या टोकापर्यंत तिच्या मागे जाणार. मागून इंजिनाचा आवाज जास्त नीट ऐकू येतो. यात तांत्रिक कारण आहे. ठकीने गाडीचा आरसा नीट केला. हिने माझ्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला.

संध्याकाळ

शहराच्या टोकाला ठकीने हात केला. मी थांबलो नाही. पुढच्या पुलापर्यंत जाऊ म्हटलं. पुलानंतर पुढच्या वळणापर्यंत. मग चढ लागला. ती आरशातून बघत होती आणि हळू चालवत होती, म्हणून बरं वाटत होतं. मग स्कूटरने दोन आचके दिले आणि बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. आठवडाभर शेडमध्येच असल्यामुळे भरायचं राहिलं.

ती वळणाआड गेली. इंजिनाचा आवाज बारीक होत होत थांबला. मी एका धाब्यासमोर रस्त्याकडेला उभा. स्कूटरला पुन्हा किल्ली लावायला गेलो, भोक सापडेना.

मग आवाज परत आला. मोठा होत होत आला. ती परत आली होती.

पेट्रोल आणते म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, नको, स्कूटर राहू दे इथे धाब्यामागे. बसा मागे, घरी सोडते.

बसलो. आजवर तिच्या मागे कधी बसलो नव्हतो. उतारावर वारा सुटला. मी तिच्या जाकिटाला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिने वेग कमी केला आणि मान मागे करून विचारलं, बाबा, घाबरलात?

हो म्हणालो. सोमवारपासून.

ती म्हणाली, मला माहीत आहे. नीट धरून बसा.

दारात मला उतरवलं आणि तशीच वळली. दोन तासांचा उशीर माझ्यामुळे.

दिवेलागणीला फोन आला. पोचली. गाडी उत्तम. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून पवनचक्क्या दिसतात, रांगेने, उद्या पहिल्यावर चढायचं आहे.

फोन ठेवल्यावर हिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, अहो, किती उंच असतो हो तो मनोरा?

मी बुधवारीच शोधून काढलं होतं.

माहीत नाही, म्हणालो.