टोपलीखालचं पिल्लू

४ डिसेंबर
सकाळी धाकट्या दिराने, इरफानने, गोणीतून हरणाचं पिल्लू आणलं. मांजरीएवढं, अंगावर पांढरे ठिपके. "रस्त्यात पडला व्हता, भाबी." पडवीत कोंबड्यांच्या टोपलीखाली ठेवलंय. बाटलीने दूध देऊन पाहिलं, तोंड लावत नाही. अम्मींना मी ठासून सांगितलं, भेकराचं पिल्लू, आईला चुकलेलं. विज्ञानाची बाई ना मी!

५ डिसेंबर
अजून दूध नाही. जवळ गेलं की थरथरतं. मागच्या पायावर बारीक वळ, तारेचा असावा. इ.ला विचारलं तर उठून गेला.

शाळेतून आल्यावर मैत्रिणीला, वंदनाला, फोटो पाठवला. पेणला रामवाडीत असते, गुरांची डॉक्टर. लगेच फोन. "अगो, हे पिल्लू नाय, पिसोरी हरीण हाय. मोठी झाली तरी एवढीच. पोटाखाली बघ जरा."

बघितलं. कास भरलेली. म्हणजे हिचं पिल्लू रानात, कालपासून उपाशी. आणि मी आईलाच बाटली पाजत होते. इतकी लाज कधी वाटली नव्हती.

व. म्हणते, फॉरेस्टवाल्यांना कळव. पण इ.चं आठ तारखेला कतारचं विमान. केस झाली तर संपलंच. "हात जोडतो भाबी, नको." मग जागा दाखव, म्हटलं. "म्हायत नाय." रस्त्यात सापडलं म्हणतो, आणि रस्ता माहीत नाही!

६ डिसेंबर
उजाडायच्या आत तोच दाराशी. "चला. रातभर पाय आपटत व्हती ती."

स्कूटरवर, गोणी मांडीवर. तिचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. भालगावच्या वरच्या रानात, ओढ्याकाठी सोडली. जरा थांबली, मग करवंदीच्या जाळीत शिरली. पिल्लू दिसलं नाही. मला रडूच आलं.

इ. फासे काढायला लागला. पाच लावले होते म्हणे. चार मिळाले. "पाचवा हितंच कुठंतरी..."

ती गेली त्याच बाजूला. शाळेची वेळ होईपर्यंत शोधलं.

७ डिसेंबर
इ. पहाटेच पाचवा फास शोधायला परत रानात गेला. त्याला सांगून ठेवलंय, दिवस मावळेपर्यंत तार सापडली नाही तर मी फॉरेस्टला फोन लावणार.

बॅग अर्धी भरून पलंगावर. अम्मी दोनदा विचारून गेल्या, पोरगा कुठंय?

साडेपाच. स्कूटरचा आवाज नाही.

सहा. फॉरेस्टचा नंबर काढून बसलेय.