मंगळवार-शुक्रवारचे चार प्रश्न

डेटन, ओहायो
१४ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
सोमनाथचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा नमस्कार. तिळगूळ पोचला नाही, त्यामुळे गोड बोलायची सक्ती माझ्यावर नाही. तरी बोलतो.

तुमच्या पत्राचा फोटो मिळाला. शेवटच्या ओळीवर तुमचा अंगठा आलाय, तेव्हा आशीर्वाद दिलेत की रागावलात ते कळलं नाही. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि टाइप केलेलं तुम्हाला पत्र वाटत नाही, म्हणून मीही हातानेच लिहून फोटो पाठवतोय. अक्षराला नावं ठेवू नका.

इथे उणे बारा थंडी आहे. बरोबरचे दोघे शिक्षण संपवून गेले, आता घरात मी एकटाच. विद्यापीठातलं काम ठीक.

एक नवीन सांगायचं आहे. महिनाभर झाला, मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्लाझ्मा द्यायला जातो. तुम्ही जुने रक्तदाते, म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या दिवशी कागदपत्रं आणि डॉक्टरांची तपासणी यातच तीन तास गेले. आता दर वेळी वजन, ताप, रक्तदाब आणि बोटाला टोचून थेंबभर रक्त. मग कलत्या खुर्चीवर पडून राहायचं. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, मशीन ते गरगर फिरवून पिवळं पाणी बाजूला काढतं आणि लाल भाग परत हातात सोडतं. परत येताना हात आतून गार पडतो. ते आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, मीही घाबरलो होतो. असं सात-आठ वेळा होतं आणि तासाभरात बाटली भरते. रंग वरणावरच्या पाण्यासारखा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
सोमनाथ

---

एकलहरे, नाशिक
१७ जानेवारी २०२६

चि. सोमनाथ यास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद. या वेळी अंगठा खिशात ठेवून फोटो काढणार आहे.

पत्र तीनदा वाचलं. मशीन मिनिटाला किती फेरे घेतं ते तिथल्या माणसाला विचारून कळव. वीजकेंद्रात पस्तीस वर्षं टर्बाईनपाशी उभा राहिलो, फिरणाऱ्या वस्तूबद्दल अर्धवट माहिती मला पचत नाही. कानात कापूस घालायचा कंटाळा केला, त्याची फळं भोगतोय, पण डोळे शाबूत आहेत. अजूनही गच्चीवरून चिमणीचा धूर पाहून लोड किती ते सांगतो. ऐकायला कुणी नसतं ही गोष्ट वेगळी.

मी एकसष्ट वेळा रक्त दिलं. गेल्या वर्षी पासष्ट पूर्ण झाली आणि शिबिरात मला टेबलावरून उठवून बिस्किटं वाटायला बसवलं. फार वाईट वाटलं होतं. आता तू सुरू केलंस म्हणजे घरातलं खंडलं नाही. तुझ्या आईच्या आजारपणात एकवीस बाटल्या लागल्या, देणाऱ्यांतल्या एकालाही आपण ओळखत नव्हतो. ते मी विसरलेलो नाही.

तुला आठवत नसेल, पहिल्या वर्षी शिबिरात प्रत्येकाला स्टीलचा डबा देत होते. रक्ताच्या बदल्यात डबा घेणार नाही म्हणून मी परत केला. तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण डबा चांगला पाच किलोचा होता.

पण आठवड्यातून दोनदा कसं देतोस? आम्हाला तीन महिने थांबायला लावत.

आठवण ठेवणारा,
आप्पा

---

डेटन
२४ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

लाल भाग परत मिळतो, म्हणून इथे दोनदा चालतं. बाकीचं अंग भरून काढतं, असं म्हणतात. फेऱ्यांचं विचारलं, पण कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही असता तर झाकण उघडून पाहिलं असतंत.

काल मात्र त्यांनी मला परत पाठवलं. बोटाच्या थेंबात प्रोटीन कमी आलं. काळजीचं नाही, खाणं जरा इकडंतिकडं झालं होतं.

आप्पा, प्लाझ्माचं हे शक्यतो कुणाला सांगू नका. खालच्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. चष्मा लावून वाचत बसू नका.

मायेत खंड नसावा.

आपला,
सोमनाथ

---

एकलहरे
२९ जानेवारी २०२६

चि. सोमनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

खोडलेल्या ओळी भिंग लावूनही वाचता आल्या नाहीत. खोडकाम पक्कं केलंस.

प्रोटीन कमी म्हणजे काय? नीट ऐक. सकाळी मूठभर भिजवलेले शेंगदाणे. दुपारी घट्ट वरण. हुलगे तिकडे मिळत असतील तर आठवड्यातून दोनदा शेंगोळं कर, लसूण हात सैल सोडून घाल. अंडी खायला माझी कधीच हरकत नव्हती, ती तुझ्या आईची होती, आणि तीही आता करणार नाही. आठ दिवसांत प्रोटीन वर येईल, मग बिनधास्त जा.

कुणाला सांगू नका म्हणालास, तुझं पत्र येईपर्यंत उशीर झाला होता. खंडेरावांना सांगून बसलो होतो. शिबिराचं सगळं तेच बघतात. ८ फेब्रुवारीच्या रविवारी शिबिर आहे. परदेशात राहून आठवड्यातून दोनदा देणारा एकलहऱ्याचा मुलगा, म्हणून तुझा सत्कार ठरलाय. शाल-श्रीफळ तुझ्या वतीनं मी घ्यायचं. तुझा फोटोही छापायला दिलाय, दहावीच्या निकालाचा, कारण माझ्याकडे तोच होता.

आई गेल्यापासून मी नवा शर्ट शिवला नव्हता. काल नाशिकरोडला जाऊन माप देऊन आलो.

तुझा अभिमान वाटणारा,
आप्पा

---

डेटन
५ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सत्कार थांबवा. खोडलेल्या दोन ओळी आता नीट लिहितो.

इथे प्लाझ्माचे पैसे मिळतात. खुर्चीवरून उठायच्या आत कार्डावर जमा होतात. नोव्हेंबरमध्ये आमच्या प्रयोगशाळेचं अनुदान थांबलं आणि माझं काम गेलं. त्या पैशांवर भाडं आणि किराणा कसाबसा निघतो. तुमच्या शेंगदाण्यांनी प्रोटीन वाढलं, त्यांनी मला परत घेतलं. तुम्ही मला खाऊ घालत होतात आणि मी तेच नेऊन विकत होतो. डबा परत करणाऱ्या माणसाचा मी मुलगा, म्हणून सांगायला तोंड नव्हतं.

एवढंच असतं तरी लिहिलं नसतं. गेल्या आठवड्यात मला ग्रंथालयात अर्धवेळ काम मिळालं. भाडं त्यात भागेल. तरीही मंगळवारी मी तिथे गेलो. तिथल्या एक बाई आईच्या वयाच्या आहेत. दंडाला पट्टा बांधतात, कोपराच्या खोबणीत दोन बोटांनी शीर चाचपतात आणि दर वेळी तेच चार प्रश्न विचारतात. जेवलात का, झोप झाली का, पाणी प्यायलात का, बरं वाटतंय का. ती त्यांची नोकरी आहे, हे मला कळतं. पण महिनाभरात मला हात लावणारं आणि हे विचारणारं दुसरं माणूस नव्हतं. मला फार एकटं वाटतं, आप्पा.

रागावलात तर रागवा, पण लिहा.

सोमनाथ

---

एकलहरे
१० फेब्रुवारी २०२६

चि. सोमनाथ यास,
आशीर्वाद.

रागावलो. दोन दिवस पेन हातात घेतलं नाही. काम गेल्याचं तीन महिने लपवलंस, त्याचा राग जास्त आला.

रविवारी नवा शर्ट घालून सकाळीच शिबिरात गेलो आणि खंडेरावांना म्हणालो की यादीतून नाव काढा, पोरगा पैसे घेतो. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो, तेव्हा मंडपात सगळ्यांनाच कळलं. खंडेरावांनी वहीवर लिहून दाखवलं, भाऊ, नाव मागून काढू, पोरगं जेवतं का नाय ते तुम्ही इचारलं का? मी बिस्किटांच्या टेबलाशी जाऊन बसलो. घरी येऊन तुला लिहिलेली पत्रं फोनमध्ये काढून पाहिली. मशीनचे फेरे विचारले, आठवड्यातून दोनदा कसं ते विचारलं, शेंगोळ्याला लसूण किती तेही सांगितलं. जेवतोस का, हे कुठेच नाही. ते खातं तुझ्या आईकडे होतं आणि ती गेल्यावर मी ते उचललंच नाही. इथेही मला कुणी विचारत नाही, म्हणून त्यात काही कमी पडतंय हे माझ्या लक्षात आलं नाही.

तर आता असं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तुझे सकाळचे नऊ. त्या वेळी मी व्हिडिओ लावीन आणि त्या बाईंचे चार प्रश्न त्याच क्रमानं विचारीन. तुझी उत्तरं मला ऐकू येणार नाहीत, तरी तू द्यायची. खोटं बोलताना तू डावीकडे पाहतोस, एवढं दिसलं तरी माझं भागेल. पट्टा बांधायला मात्र येता येत नाही.

हे सुरू झाल्यावर तिथे जायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
आप्पा

---

डेटन
१३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आज नऊला तुमचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. तिकडे गेलो नाही. तुमचा अर्धा चेहरा आणि बराचसा पंखा दिसत होता. नवा शर्ट चांगला दिसतो, पण घरात एकट्यानं बसायला इस्त्री कशाला केलीत?

तुम्ही इतक्या मोठ्यानं विचारलंत की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीनं छत ठोकलं. जेवलास का, मी हो म्हणालो, तुम्ही मान हलवलीत. झोप झाली का, हो. पाणी प्यायलास का, हो.

चौथ्याला मी नाही म्हणालो. सरळ तुमच्याकडे बघून म्हणालो. मी डावीकडे पाहिलं नाही म्हणून तुम्ही खूश झालात, अंगठा वर केलात आणि फोन ठेवलात. उत्तर खरंच होतं. ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून लिहून कळवतो.

मंगळवारी पुन्हा विचारा. आणि तुमच्या चार उत्तरांचा फोटो आधी पाठवा, अंगठ्याशिवाय.

आपला,
सोमनाथ