डावा कोपरा

६ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. "डोक्याला लई मार बसलेत तुमच्या. रोजचं लिहून ठेवा."

वय एकोणचाळीस. कबड्डीत एकवीस वर्षं — आधी गावचा संघ, मग कंपनीचा, मधे चार हंगाम लीग, आता पुन्हा कंपनी. बरोबरचे सगळे थांबले. मी अजून चढाई करतो!

९ जानेवारी

सरावाला गेलो. मैदान रिकामं. रखवालदार म्हणाला, सराव सकाळीच झाला. मीही होतो म्हणे.

१४ जानेवारी

मिरजगावची स्पर्धा. दुसऱ्या डावात चढाईला गेलो. समोर चारच गडी, डावा कोपरा मोकळा. एकाला शिवलं, त्या कोपऱ्यातून मागं वळलो — आणि घोटा धरला कुणीतरी! गार हात. मध्यरेषेच्या वीतभर अलीकडं आपटलो. दम तुटला. बाद.

पंचाला विचारलं, धरलं कुणी?

"कुनीच न्हाई, बिभीषनदादा. तुमीच पडलात."

आमचा कर्णधार रविराज. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पाण्याची बाटली दिली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

१५ जानेवारी

घोट्यावर वळ नाही. असता तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी

आज सरावातही. तीच बाजू. तोच हात.

लिहूनच टाकतो. अंगठा घोट्याच्या आत, चार बोटं बाहेर — ही पकड मला ठाऊक आहे. तिसगावच्या अजिनाथची. अकरा वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात त्यानं असाच धरला होता. मी झटका दिला, गुडघा त्याच्या मानेत बसला. मी रेषेला हात लावला. शिट्टी! टाळ्या! मी लोकांकडं बघून हात वर केला. वळून पाहिलं तर तो उठलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गेला.

खेळात होतं असं, सगळे म्हणाले. त्याच्या घरी मी गेलो नाही. एकदाही नाही.

२२ जानेवारी

रविराजला सांगितलं, थांबतो.

"दादा, हंगाम तरी संपू द्या."

नको. ती बाजू नको.

ज्योतीला म्हणालो, उद्या तिसगावला जाऊन येतो. बायको म्हणून तरी विचारायला हवं होतं, कुणाकडं? नाही विचारलं. "सकाळच्या गाडीनं जा" एवढंच म्हणाली.

२३ जानेवारी

भिंगारहून एसटी धरली. करंजीचा घाट उतरलो. तिसगावच्या स्टँडवर घर कुणाला विचारावं म्हणून थांबलो, तर पाय आपोआप चालायला लागले. चक्कीपासून उजवीकडं, मग बोळात. कुत्रं भुंकलं नाही, शेपूट हलवत बरोबर आलं. फाटकाची कडी अडकते — आधी वर उचलून मग ओढायची. माझ्या हातानं तसंच केलं. मी तर इथं कधीच आलेलो नाही!

अजिनाथची आई कडूबाई ज्वारी निवडत बसली होती. पाय धरले. गुडघा, मान, टाळ्या, सगळं सांगितलं. रडलो. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. डोक्यावरून हात फिरवत राहिली.

निघताना ती जे बोलली ते आज लिहवत नाही.

२४ जानेवारी

"दीड वरीस झालं लेकरा. दर म्हैन्याला येतोस, आन पैल्यांदाच आल्यावानी माफी मागतोस. म्या तर पैल्याच दिशी केलं माफ. आज तरी च्या पिऊन जा."