गिलावा अजून ओला आहे

दुर्गाघाट, काशी

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या ढुंढिराजाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे नागपुरात तुझा खोकला कसा आहे? अजून दम लागतो का? फोनच करणार होतो, पण फोनवर तो खोकला ऐकू येतो आणि मग मला बोलायला सुचत नाही, म्हणून पत्र.

खोली कुठवर आली, असं विचारलंस. काय सांगू, सगळा दोष युनियनचा! तुला जिना चढायला नको म्हणून तळमजल्यावर खोली काढायला घेतली, तर मिस्त्री-मजुरांची युनियन आडवी आली. तिचा पुढारी विश्वेश्वर (मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा) म्हणतो, टळटळीत दुपारी काम बंद, डोक्यावर ताडपत्री हवी, प्यायला गार पाणी हवं, आणि गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत कुणी एकट्यानं विटा वाहायच्या नाहीत. आपल्या गल्लीत गाडी शिरत नाही, तुला ठाऊकच आहे. म्हटलं, आता ही खोली नातवंडांच्या लग्नापर्यंत चालते. नीरजालाही तसं सुनावलं (तुझी भावजय नेहमीप्रमाणे मजुरांच्या बाजूनं). आणि झालं काय, तर ही माणसं गल्लीभर रांगेनं उभी राहिली, विटा हातोहात आत आल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी ढीग संपला! दुपारी आडवा झालेला गवंडी संध्याकाळी असा हात चालवतो की बघत राहावं. उन्हात चक्कर येऊन रोज कुणीतरी बसायचं, तेही थांबलं. अशानं काम लांबेल कसं?

तरी लांबलं. म्हणजे मी लांबवलं. पलंगावरून गंगा दिसेना म्हणून खिडकी तोडून नवी करायला लावली. मग वारा फार येईल म्हणून ती नवीही तोडून लहान करायला लावली. फरशी घसरडी वाटली, ती उखडून पुन्हा बसवली (फरशी चांगली खरखरीत होती). शेवटी भिंतीवर बोट ठेवलं, तेव्हा युनियननं संप पुकारला. काम जास्त पडतं म्हणून लोक संप करतात, असं ऐकून होतो. ही मंडळी मी काम पुरं होऊ देत नाही म्हणून ओट्यावर बसली. विश्वेश्वर म्हणाला, "चाचा, अच्छी-भली दीवार तुड़वाते हैं, मिस्त्री का दिल टूटता है. बात क्या है?"

ते जाऊ दे. औषध वेळेवर घे. नागपूरच्या मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ढुंढू

ता. क. : विश्वेश्वरला मी सांगितलं. सगळ्यांसमोर रडत सांगितलं. तू लिहिलं होतंस, 'खोली झाली की कळव, मला काशीत मरायला यायचंय.' मग खोली मी होऊ कशी देणार, अक्का?

पुन्हा ता. क. : त्यावर युनियनची सभा झाली, आपल्याच ओट्यावर. एकमतानं ठरलं की चाचा सांगतील तोवर गिलावा ओला आहे, कुणीही विचारलं तरी ओलाच आहे. पण तुला तिकडे धाप लागत असताना अडवून ठेवणं मला जमत नाही. खोली तयार आहे, तू ये. फक्त निघण्याआधी दोन ओळी लिही आणि त्यात 'राहायला येते' असं लिही. खोटं असलं तरी चालेल.