दुसरी वेलांटी

११ जानेवारी

चहा पुढ्यात ठेवायच्या आधीच धाकटीने बातमी दिली. नवा सिनेमा येतोय. प्रेमाचा, पण हसवणारा.

"तुझ्यावरच काढलाय बघ ताई. नायिका छापखान्यात प्रुफं तपासते."

मी म्हटलं, लोकांना वेड लागलंय का? बत्तीस वर्षं मी तेच केलं. माझ्याभोवती फिरून कोणी गाणं म्हटलं नाही.

ती हसली आणि मोबाइल नाकाला लावून पुढचं वाचू लागली. सिनेमाच्या बातम्या हे तिचं एकच व्यसन. कोणाचं जमलं, कोणाचं बिनसलं, कुठलं चित्रीकरण अडलं — सगळं शिवणाचं मशीन चालवता चालवता तोंडपाठ.

"आणि ती म्हणे त्याचं प्रेमपत्र लाल शाईने दुरुस्त करून त्यालाच परत पाठवते!"

चहा तसाच राहिला.

१२ जानेवारी

अफवा असेल. अशा शंभर उठतात आणि बसतात.

१९ जानेवारी

अफवा नाही. पेपरात लेखिकेचा फोटो आहे. आमच्या छापखान्यात दोन वर्षं मुखपृष्ठं करायला येत होती तीच, चष्मेवाली. माझ्या निरोप समारंभात पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांत मोठ्याने हसली होती.

हसवलं मीच. 'दोन शब्द बोला' म्हणाले, मी दोनशे बोलले. ती पत्राची गोष्ट एका ओळखीच्या बाईची म्हणून सांगितली. मालक डोळे पुसत होते हसून हसून. मला वाटलं, काय रंगवली मी!

धाकटी त्या दिवशी नव्हती. 'कंटाळशील, नको येऊस,' असं मीच तिला सांगितलं होतं. अंगावरचे कपडे मात्र तिनेच शिवलेले.

२ फेब्रुवारी

वहीशी तरी खरं बोलावं. ओळखीची बाई वगैरे कोणी नाही.

एक्केचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे एक जुळारी होता. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचा. हात चपळ, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. धाकटी मला डबा द्यायला आली की हा उगाच खिडकीपाशी येऊन उभा. एक दिवस माझ्या टेबलावर प्रुफांच्या गठ्ठ्यात एक वेगळाच कागद आला. वर धाकटीचं नाव, मोठ्या टाइपात. खाली वीस ओळी. हाताने लिहिलं तर कोणाला वाचता येणार नाही म्हणून त्या माणसाने प्रेमपत्र खिळ्यांत जुळवून छापलं होतं. एकच प्रत. 'कृपया बहिणीस द्यावे' असं कोपऱ्यात पेन्सिलीने.

शेवटची ओळ अशी : 'तुमचे पाणीग्रहण करण्याची माझी मनापासून इच्छा आहे.'

पाणि म्हणजे हात. त्याला पहिली वेलांटी. दुसरी दिली की ते प्यायचं पाणी होतं. त्याला हात धरायचा होता आणि त्याने पाणी मागितलं.

मी अकरा चुका काढल्या, लाल शाईत. शेवटच्या ओळीसमोर समासात लिहिलं : 'पाणी ग्रहण करायचे असल्यास नळ मागच्या अंगणात आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवावे.' आणि कागद धाकटीला न देता रोजच्या कामाच्या तबकात ठेवून खाली पाठवून दिला. त्याच्या हातात पडायच्या आधी तो सातजणांनी वाचला.

त्यानंतर तो पाणी प्यायला उठला की कोणीतरी म्हणायचं, "निघाले बघा हात मागायला." पंधरा दिवस त्याने सोसलं. मग आलाच नाही.

धाकटीने एकदाच विचारलं, "खिडकीपाशी हल्ली कोणी दिसत नाही ग." मी म्हटलं, "काम सोडून गेला. टिकणारा नव्हताच."

३ फेब्रुवारी

काल लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. कसलं काय.

१० फेब्रुवारी

कारणं शोधते आहे. सापडतातही, कारणांना काय तोटा.

मला कॉन्व्हेंटात घातलं. तिथे मराठी शब्द तोंडातून निघाला की तळहातावर पट्टी. धाकटीच्या वेळेला वडील थकले होते, ती गल्लीतल्या शाळेत गेली. छापखान्यात लागले तेव्हा मी 'माझा चूक झाला' असं मराठी बोलायचे. बाकीच्या बायका एकमेकींना कोपर मारून हसायच्या — "आली मडम." मी शब्दकोश घेऊन बसले. तीन वर्षांत त्या सगळ्या माझ्याकडे वेलांट्या विचारायला येऊ लागल्या. मग मी कोणालाच सोडलं नाही. ज्या पट्टीचे वळ माझ्या हातावर होते, तीच पट्टी घेऊन बसले.

हे कारण खरं आहे. पण दुसरं आहे ते आधी लिहायला हवं होतं. धाकटी गेली असती तर या घरात मी एकटी उरले असते.

१ मार्च

चष्मेवालीचा नंबर मिळवला. धाकटी बटणं आणायला गेली तेवढ्यात फोन केला. चांगली झाडायची असं ठरवून.

"ही गोष्ट तू कोणाला विचारून उचललीस?"

"मावशी! किती वर्षांनी! अहो, तुमच्या ओळखीच्या बाईंची ना ती? त्यांचा नंबर द्या, आत्ता विचारते."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मग म्हटलं, "त्यात धाकटी बहीण आहे का?"

"पहिल्या खर्ड्यात होती. मग काढून टाकली. पत्र थेट नायिकेलाच येतं. बहिणीवाचून काही अडत नव्हतं हो मावशी."

फोन ठेवला. बहिणीवाचून काही अडत नव्हतं. माझं एकटीचं अडत होतं, हे तिला कुठून कळणार.

२८ मार्च

पोस्टर आलं. सिनेमाचं नाव — 'नळ मागच्या अंगणात'.

धाकटीने मोठ्याने वाचलं. "काय नाव तरी! कशावरून ठेवलं असेल ग?"

"नळदुरुस्तीवाल्यांनी पैसे घातले असतील," मी म्हटलं.

तिने दातांत धरलेला दोरा तोडला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुई ओवू लागली.

९ एप्रिल

झलक दाखवायला लागले. नायिका दिसायला बरी आहे, पेन मात्र चमचा धरावा तसं धरते. प्रुफं तपासताना कोणी असं ओठ चावत नाही. आणि खाली काय लिहिलंय? 'प्रेमात एक चुक माफ!' चुक! छापखान्यावर सिनेमा काढतात आणि 'चू' दीर्घ द्यायची अक्कल नाही. मी तावातावाने सांगत सुटले. कसली दुनिया, कसली शिक्षणं, काय काय बोलले.

धाकटी मशीन न थांबवता म्हणाली, "मग त्यांनाही पाठव नळावर."

झलकीत ते वाक्य आहे. तिथेच ऐकलं असणार. दुसरं काय असणार?

१७ एप्रिल

बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी. नेहमीप्रमाणे ती सांगणार, मी लिहिणार. आज हात दुखत होता म्हणून म्हटलं, तूच लिही. "नको ग बाई, तू लिही. माझ्या वेलांट्या चुकतात."

तीस बायकांची मापं ती डोक्यात ठेवते. छाती, कंबर, गळा, बाह्या. वही नाही, चिठ्ठी नाही. मी नेहमी आळशी म्हणत आले. तरुणपणी सिनेमातली गाणी एका वहीत उतरवून काढायची, पानंच्या पानं. मग कधीतरी सोडलं. कधी ते आठवत नाही.

२ मे

आज सांगणार होते. ती कापड बेतत होती, मी समोर बसले. "अग, तो जुळारी आठवतो का?" एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "कात्रीला धार लावायला हवी."

"हो," ती म्हणाली. "बोथट झालीय खरी."

इतरांच्या चुका काढायला माझी जीभ कधी अडली नाही.

९ मे

उद्या लागतोय. मी तिला सांगितलं, परीक्षण फार वाईट आलंय, जाण्यात अर्थ नाही. परीक्षण आलेलंच नाही. आणि तिकिटंही संपली म्हणे, मीच ठोकून दिलं.

"संपली का?" ती म्हणाली. "मग मी परवा काढली ती कशाची?" दोन तिकिटं. अकरा तारखेची, दुपारच्या खेळाची. या वयात खोटं बोलायलाही शिकवणी लावायला हवी मला.

११ मे

पाहिला.

थिएटर भरलेलं होतं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. ते वाक्य आलं तेव्हा तर छप्पर उडालं. माझंच वाक्य, शब्द न् शब्द. निरोप समारंभात हसले होते त्याच्या दसपट लोक हसले. मी खुर्चीचे हात धरून बसले होते.

सिनेमात तो मुलगा खरंच मागच्या अंगणात जातो. पेला भरून आणतो, तिच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "पाणी झालं. आता हात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या पेल्याकडे बघत राहिले. आमच्याकडे सातजण मध्ये उभे होते. पेला घेऊन कोण येणार?

धाकटी सगळ्या जागी हसली. त्या वाक्याला हसली नाही. नेमकी तेव्हाच माझ्याकडे न बघता हात पुढे करून म्हणाली, "ताई, पाणी दे." अर्धी बाटली प्यायली आणि परत दिली.

येताना रिक्षात एकच बोलली. "शेवट चांगला केलाय त्यांनी."

१२ मे

रात्रीपासून हेच डोक्यात, की तिला कळलेलं असो वा नसो, सांगायचं माझ्यावरच आहे. जेवताना सांगणार होते. मग दुपारी. मग ती दिवा लावायला उठली तेव्हा. तोंडाने होणार नाही माझ्याच्याने. समासात लिहायची सवय लागलेल्या बाईला समोर बसून बोलता येत नाही.

ही वही मी नेहमी कपाटात कुलूप लावून ठेवते. आज मशीनवर ठेवते आहे. २ फेब्रुवारीच्या पानात तिच्याच कापडाची चिंधी घालून.

१३ मे

*(कोरं. वही माझ्याकडे नव्हती.)*

१४ मे

सकाळी वही उशाशी होती. चिंधी त्याच पानात. समासात, कापड आखायच्या निळ्या पेन्सिलीने, दोन ओळी. शाळकरी मुलीसारखं थरथरतं अक्षर. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं.

'तो शब्द मीच त्याला सांगीतला होता ताई, मोठा वाटला म्हणून. तुझ्या लाल शाईचा कागद त्याने मला दाखवला होता.'

'सांगितला'ची वेलांटी चुकली आहे. लाल पेन्सिल हाताशीच होती. वेलांटी तशीच राहू दिली.